अठराचा फरक

“मी आता जे सांगणार आहे त्यावर तुझा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर तू हिशेब तपासायच्या लायकीची नाहीस,” असं म्हणून मी चहाचा कप बाजूला सारला आणि मांडी ठोकून बसलो.

अकाउंटन्सीच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला, की त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी धाकटीच्या घरी ही गोष्ट सांगतो. धाकटी म्हणजे माझी बहीण. सत्तरी ओलांडली, दोन्ही गुडघे बदलून झाले, तरी मला ती धाकटीच. हिशेब तपासणाऱ्यांची तिची स्वतःची फर्म आहे. ऑफिसात तिला बाई म्हणतात आणि मला आबा. बाईंना घाबरायचं आणि आबांना हसायचं, अशी कामाची वाटणी तिथे चाळीस वर्षं चालू आहे. तिच्या हाताखाली शिकणारं कुणी नापास झालं तर ती रागवत नाही. नुसती म्हणते, “रविवारी चहाला ये, आबा आहेत.” पोरांना वाटतं, बाई समजूत काढणार. समजूत मी काढतो. बाई स्वेटर विणत बसतात आणि मधूनमधून टोचतात, पण सुईनं नाही.

या वर्षी नापास एकच होती. केसांच्या बुचड्यात सदा पेन्सिल खोचलेली असते म्हणून ऑफिसनं तिचं नाव पेन्सिल ठेवलंय. तिला पन्नास हवे होते, अठ्ठेचाळीस पडले. पेपरातल्या एका ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात, ही जुळवत बसली, आणि शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला. तेव्हापासून तीन दिवस ती रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायलींच्या मागे बसून डबा खात होती, कुणी तोंड बघू नये म्हणून. घरी आईला सांगितलं होतं, निकाल लांबलाय. हे मला कळलं, कारण आईनं ऑफिसात फोन केला आणि तो नेमका मी उचलला.

“निकाल कधी लागणार हो?” आईनं विचारलं.

“पेपर तपासणाऱ्यांना कांजिण्या झाल्यात,” मी म्हटलं. “पेपरांना खाज सुटायला नको म्हणून थांबलेत.”

खोटं बोलायला मला तयारी लागत नाही.

तर ती पेन्सिल माझ्या समोर बसली होती, मान खाली घालून. टेबलावर तिच्यापुढे फेरपरीक्षेचा फॉर्म होता. सोमवारी दुपारी बाराच्या आत तो पोचला तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं. धाकटीनं तो सकाळीच छापून ठेवला होता.

“भर,” धाकटी म्हणाली.

“नको बाई.”

“का?”

“परत तेच होईल. फरक आला की मला उठताच येत नाही तिथून.”

“मग काय करणार?”

“बघू. हिशेब लिहायची नोकरी मिळेल कुठेतरी. त्याला काही परीक्षा लागत नाही.”

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे, तुझी पाळी.

“माझा पेपर मला आजही तोंडपाठ आहे,” मी सुरू केलं. “पहिला प्रश्न वीस मार्कांचा. दोन भागीदार, पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना. यंत्रं बारा हजार चारशे. कच्चा माल तीन हजार सातशे दहा. येणी पाच हजार पंच्याऐंशी, त्यातली दोनशे चाळीस बुडीत. फर्निचर नऊशे चौसष्ट.”

“त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही,” धाकटी म्हणाली. “फर्निचर विचार.”

“फर्निचरनं माझ्याशी जास्त दिवस संसार केला. तर सगळं उतरवलं, बेरजा मारल्या, आणि दोन बाजूंत फरक आला अठराचा. आता अठराला नवानं भाग जातो. आणि फरकाला नवानं भाग गेला की बहुतेक वेळा कुठेतरी दोन आकड्यांची उलटापालट झालेली असते, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे चोर घरातच आहे, दारं बंद आहेत, फक्त पलंगाखाली वाकून बघायचं. असा हातातोंडाशी आलेला चोर कोण सोडून जाईल? मी वाकलो. सव्वा तास वाकलो. बेरजा खालून वर मारल्या, वरून खाली मारल्या. कागद उलटा धरून पाहिला. शेवटी पर्यवेक्षकांना म्हटलं, साहेब, जरा तुमचा चष्मा द्या, माझ्या डोळ्यांची या आकड्यांशी ओळख जास्त झालीय. त्यांनी दिला. मग पुढचा तासभर ते बिचारे हॉलमध्ये चाचपडत फिरत होते आणि मागच्या ओळी एकमेकांचं बघून लिहीत होत्या. त्या वर्षी मागच्या ओळींचा निकाल शंभर टक्के लागला.”

पेन्सिल हसली नाही. नेहमी इथे पोरं हसतात.

“पाचवा प्रश्न मी वाचलासुद्धा नाही. घंटा झाली. घरी आलो आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर चोर सापडला. फर्निचर. नऊशे चौसष्टऐवजी मी नऊशे शेहेचाळीस लिहिले होते.”

“माझं घसाऱ्याचं होतं,” पेन्सिल खालच्या आवाजात म्हणाली. “बसमध्ये सापडलं.”

तेवढंच बोलली. पण बुचड्यातली पेन्सिल काढून तिनं हातात घेतली आणि फॉर्म उलटा करून त्याच्या कोऱ्या पाठीवर रेघोट्या ओढायला लागली. म्हटलं, चला, हाताला चाळा तरी लागला.

“मला किती पडले? अठ्ठेचाळीस. आणि त्याच परीक्षेला माझ्याच वह्या घेऊन, माझ्याहून दोन वर्षांनी लहान एक कार्टी बसली होती, तिला...”

“एकाहत्तर,” धाकटी म्हणाली.

“तुला विचारलं नव्हतं.”

“तू त्या आकड्याशी येऊन थांबतोस आणि नुसता घसा खाकरतोस. मी वेळ वाचवला.”

आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानात शंभर घड्याळं, आणि सगळी एकाच वेळी बारा वाजवायची. एखादं अर्ध्या सेकंदानं मागे राहिलं तर ते जेवण सोडून उठायचे. अशा घरात वाढलेल्याला अठराचा फरक कसा सोडवेल, सांग. त्यांनी निकालाच्या आधीच दोन शाईपेनं आणून ठेवली होती, एकाच रंगाची, एकाच डबीतली. निकालाच्या दिवशी जेवायच्या आधी त्यांनी एक पेन धाकटीला दिलं. दुसरं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते थोडं वर धरलं, टोपण घट्ट आहे का बघितलं, आणि घड्याळांचे सुटे भाग ठेवायच्या खणात ठेवून दिलं. मग म्हणाले, “जेवून घ्या.”

बास. दोन शब्द रागावले असते तर मी सुटलो असतो. समोर धाकटी पेन ताटाखाली लपवत होती, मला दिसू नये म्हणून. तिनं ते लपवलं याची मला जास्त लाज वाटली.

“तुला एक सांगतो,” मी पेन्सिलीला म्हटलं. “माणसानं नापास व्हावं तर चाळीस मार्कांनी व्हावं. लोक म्हणतात, त्याचा तो पिंडच नाही, आणि आपल्या वाटेनं जातात. दोन मार्कांनी गेलेल्याला कुणी सोडत नाही. दूधवाला म्हणाला, ‘दोनच? अरेरे.’ वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘दोन म्हणजे काहीच नाही रे.’ काहीच नाही तर मग मला का नाही मिळाले? आमचा कुत्रासुद्धा दोनदा भुंकून थांबायचा. आधी तीनदा भुंकायचा, विचार हिला.”

“आपल्याकडे कुत्रा नव्हता,” धाकटी म्हणाली.

“शेजाऱ्यांचा.”

“शेजाऱ्यांकडे मांजर होतं.”

“म्हणूनच तर मला आश्चर्य वाटलं.”

आता पेन्सिलीच्या ओठाचा कोपरा थोडा हलला. मी जोर धरला.

फेरपरीक्षेला सहा महिने होते. धाकटीनं माझी वही उघडून बघितली, मिटली आणि म्हणाली, “दादा, तुला येतं सगळं. तुला सोडता येत नाही. उद्यापासून तू काहीच पुरं करायचं नाहीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काहीच. अर्धं झालं की उठायचं. सवय लाव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच गाल तासला. एका पायात मोजा, दुसरा पाय नुसता. सदऱ्याचं तिसरं बटण उघडं. जिना उतरताना शेवटची पायरी सोडून द्यायची, त्यामुळे रोज रस्त्यावर मी धाडकन अवतरायचो. चहा अर्धा कप. शिंक आली तरी अर्ध्यात आवरायची. एक शिंक मी सोमवारी सुरू केली, तिचा उरलेला भाग शुक्रवारी आला, तोवर आमच्या गल्लीत एकानंही श्वास मोकळा घेतला नाही.

ऑफिसात माझं टेबल भिंतीला लागून होतं. आमचे साहेब सकाळी डावीकडच्या दारानं यायचे, त्यांना माझा तासलेला गाल दिसायचा. संध्याकाळी उजवीकडच्या दारानं जायचे, त्यांना दाढीवाला दिसायचा. पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून विचारलं, “तो संध्याकाळचा दाढीवाला कसा आहे कामाला?”

मी म्हटलं, “बरा आहे साहेब. पण काम अर्धवट सोडतो.”

“मग सकाळच्याला सांगा, त्याचं पुरं करून टाकत जा.”

महिनाभर मी माझंच काम स्वतःवर ढकलत होतो.

“आणि पगार?” पेन्सिलीनं विचारलं.

“दोघांत अर्धा अर्धा.”

खरी फजिती झाली ती केशकर्तनालयात. कारागीर जुना, हात सोन्याचा. त्यानं अर्धं डोकं कापलं आणि मी उठलो.

“कुठे?” तो म्हणाला.

“झालं.”

“काय झालं? डावी बाजू कोण कापणार, तुमचा मेहुणा?”

“राहू दे तशीच. माझा अभ्यास चाललाय.”

“कसला अभ्यास, येड्याच्या इस्पितळाचा?” तो कात्री घेऊन मागे आला. “असं माझ्या दुकानातून बाहेर पडलात तर उद्या माझ्या खुर्चीत कोण बसेल? अहो, बसा. पैसे देऊ नका, पण बसा.”

मी चालायला लागलो. तोही चालायला लागला, हातात कात्री, खांद्यावर टॉवेल. चार गल्ल्या झाल्या. चौकात मी थांबलो तर त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, “दादा, चौतीस वर्षांत एक डोकं अर्धं सोडलेलं नाही मी. झोप लागायची नाही मला.” तेव्हा मला कळलं, हा पण आपल्यातलाच. मी तिथेच चौकातल्या कट्ट्यावर बसलो आणि त्यानं माझी डावी बाजू कापली. निम्मी. मग मी पुन्हा उठलो.

“आबा,” पेन्सिल म्हणाली, “निम्मी कापल्यावर काय, पाव राहिलं असेल.”

“पाव राहिलं. ते त्यानं वर्षभर धावता धावता थोडं थोडं कापलं.”

ती आता हसली. धाकटीनं सुई न थांबवता माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे चाललंय ठीक. फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली होती आणि दोन्ही बाजूंना काहीबाही लिहीत होती. मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी खरी शिकवणी असायची. धाकटी ऑफिसातून यायची, बॅग ठेवायची, आणि वडिलांच्या दुकानातलं एक गजराचं घड्याळ टेबलावर ठेवून मला एक उदाहरण द्यायची. पस्तीस मिनिटं. गजर झाला की हात वर. ताळेबंद जुळला असेल तर ठीक, नसेल तर आणखी ठीक. ती कागद ओढून घ्यायची, घडी घालायची, पिठाच्या डब्यात खाली खुपसायची आणि झाकण लावायची. “फरक किती होता?” असं ती विचारायची नाही, आणि मीही बोलायचं नाही. पुढचं उदाहरण घ्यायचं.

पहिले काही दिवस मी जेवतानाही त्या डब्याकडे बघत राहायचो. तो अपुरा कागद पिठात श्वास घेतोय असं वाटायचं. हळूहळू तिला वाटायला लागलं की मला जमतंय. आईला सांगायची, “दादा आता सोडतो हं.” तिच्या आवाजात इतका आनंद असायचा, की तेवढा स्वतःच्या एकाहत्तराचाही झाला नसेल.

यापुढचं मी दर वर्षी सांगत नाही. दर वर्षी इथून मी थेट परीक्षेच्या हॉलवर उडी मारतो. त्या रविवारी का कोण जाणे, समोरची ती खाली घातलेली मान बघून माझी जीभ घसरली.

“मी रोज पहाटे उठून तो डबा उघडायचो,” मी म्हटलं.

धाकटीच्या सुया चालूच होत्या.

“सगळे उठायच्या आत. कोपरापर्यंत हात घालायचा, कागद काढायचा, खिडकीशी उजेडात बसायचं आणि फरक शोधायचा. सापडला की जिवाला थंड वाटायचं. मग घडी घालून परत आत. पाच महिने. धाकटी संध्याकाळी दमून येऊन मला सोडायला शिकवायची आणि मी पहाटे एकही सोडायचो नाही.”

“हे मला माहीत नव्हतं,” धाकटी म्हणाली.

“वडिलांना माहीत होतं. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझे दोन्ही हात पांढरे, मांडीवर कागद. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, ‘सापडला?’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘कितीचा होता?’ म्हटलं, ‘चारचा.’ त्यांनी ओट्यावरचं फडकं माझ्याकडे टाकलं आणि म्हणाले, ‘हात पूस. धाकटीला कळू देऊ नकोस. ती मेहनत घेतेय.’”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती. मला स्वतःचाच राग आला. नापास पोरीची समजूत काढायला बसलेल्या माणसानं असलं रडगाणं काढायचं नसतं. मी चहाचा तळ पिऊन टाकला आणि एकदम परीक्षेच्या दिवसावर आलो.

“तर मग फेरपरीक्षा. त्या दिवशी धाकटीला ऑफिसातून रजा मिळाली नाही, मी एकटा गेलो. हॉल तळमजल्यावर, खिडकीबाहेर मोठी बाग. आणि काय बाग होती म्हणून सांगू. ओळीनं अकरा वाफे, कडेला विटा तिरक्या पुरलेल्या. माळी रबरी नळीनं पाणी घालत होता आणि सातव्या वाफ्याशी नळीला पीळ पडायचा. तो परत मागे जायचा, पीळ काढायचा, पुढे यायचा, परत पीळ. सातवा वाफा कोरडाच. दहा वाजता एक म्हातारा वर्तमानपत्र घेऊन आला, त्यानं ते चार घड्या करून खाली घातलं आणि त्यावर बसला. कारण बाकांना त्याच दिवशी हिरवा रंग दिलेला. मला कुठे ठाऊक. माझ्या पँटीवर मागे चार हिरवे पट्टे उठले, धाकटीनं रॉकेल लावून लावून घासले तरी दोन राहिलेच.”

“हॉलमधल्या बाकांना?” पेन्सिलीनं विचारलं.

“हो. सगळ्या हॉलला रंग काढला होता.”

“आणि पहिला प्रश्न काय होता?”

“असाच. कंपनीचा.”

“कसली कंपनी?”

“होती कसली तरी. कंपन्या सगळ्या सारख्याच असतात ग. महत्त्वाचं काय, की परत फरक आला. माझ्या कपाळावर घाम. पण मी म्हटलं, नाही. सहा महिने अर्धी दाढी केली ती कशासाठी?”

“कितीचा?”

“काय कितीचा?”

“फरक, आबा.”

“होता थोडा. मोठा नव्हता.”

“नवानं भाग जात होता?”

“जात असेल. मी बघितलंच नाही. तीच तर गंमत आहे. मी त्या पानावर एक तिरकी रेघ मारली, मोठा श्वास घेतला, आणि पान उलटलं. हात तुटल्यासारखं वाटलं, पण उलटलं. त्या पानाचा एवढा आवाज झाला की बाहेर माळ्यानं नळी टाकून वर बघितलं. त्याच झटक्यात नळीचा पीळ सुटला आणि सातव्या वाफ्याला पाणी मिळालं. मग काय, दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा, पाचवा. घंटा व्हायच्या आधी तीन मिनिटं मी रिकामा बसलो होतो. निकाल लागला. किती पडले असतील? बहात्तर.”

दर वर्षी या जागी धाकटी म्हणते, “एक जास्त, हो, एक जास्त,” आणि पोरं खो खो हसतात, आणि कुणीतरी फॉर्म पुढे ओढतं. त्या रविवारी ती काही बोलली नाही. तिच्या सुया थांबल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, लोकरीच्या गुंड्याकडे बघत होती.

“तर बाळ,” मी म्हटलं, “एकदा सोडायला शिकलं की झालं. मला जमलं, तुलाही जमेल.”

पेन्सिल फॉर्मच्या पाठीकडे बघत राहिली. तिनं तिथे काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मग वर न बघताच म्हणाली, “बाई, दुसरा कोरा फॉर्म आहे का? हा मी घाण केला.”

धाकटी उठली, गुडघा धरत कपाटाशी गेली आणि एक फॉर्म आणून तिच्यापुढे ठेवला. पेन्सिलीनं तो सरळ करून घेतला आणि आपलं नाव मोठ्या अक्षरांत, एकेका चौकटीत एकेक, लिहायला सुरुवात केली.

“काय लिहिलंस त्याच्यावर?” मी विचारलं. जुना फॉर्म मी उचलायला गेलो तर तिनं त्यावर तळहात ठेवला.

“तुमची गोष्ट,” ती म्हणाली. “डावीकडे पहिली परीक्षा, उजवीकडे दुसरी. मला राहवत नाही, तुम्हाला माहितीये. डावीकडे यंत्रं, कच्चा माल, येणी, बुडीत, फर्निचर, सगळे आकडे आहेत. उजवीकडे अकरा वाफे, एक माळी, एक म्हातारा आणि बाकाचा रंग. आकडा एकच, तो बहात्तर, आणि त्याला कागदच नाही मागे.”

“पन्नास वर्षं झाली ग. विसरतो माणूस.”

“फर्निचर नाही विसरलात.” ती नाव लिहीतच होती, आवाज न चढवता, एखाद्या गिऱ्हाइकाला गहाळ पावती विचारावी तशी. “मी तीन दिवस त्या रेकॉर्डच्या खोलीत बसले होते, आबा. दुसरं काही करायला नव्हतं, फायली चाळल्या. चाळीस वर्षांच्या. आकडे तपासल्याचे बारीक टिकमार्क सगळे तुमचे आहेत, एकूण एक पानावर. आणि शेवटची सही, जी परीक्षा पास झालेल्यालाच करता येते, ती सगळीकडे बाईंची.”

तिनं नावाची शेवटची चौकट भरली आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“तुम्ही खोटं सांगताय. दुसऱ्यांदा तुम्ही हॉलमध्ये गेलाच नाहीत. घंटा होईपर्यंत बागेतल्या बाकावर बसून होतात.”